वाळू ब्रासने मोजली. पाणी कशाने मोजणार?

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील कुर्डू हे गाव २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. तेथे मुरमाचे विनापरवाना उत्खनन चालू असल्याच्या तक्रारीवरून करमाळ्याच्या पोलीस उपअधीक्षक कारवाईसाठी गेल्या. एका स्थानिक कार्यकर्त्याच्या दूरध्वनीवरून तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार त्यांच्याशी बोलले, कारवाई थांबविण्यास सांगणारे ते संभाषण चित्रफितीतून घरोघर पोहोचले, आणि मंत्र्याने अधिकाऱ्याशी कसे बोलावे यावर पुढे कित्येक दिवस वाद रंगला. कायद्याच्या अंमलबजावणीत हस्तक्षेप करण्याचा आपला हेतू नव्हता, असा खुलासा श्री. पवार यांनी केला. मुरूम गावच्या रस्त्यासाठीच काढला जात होता, असे गावाच्या बाजूने सांगण्यात आले. सत्ता, शिस्त आणि सभ्यता या तिन्ही विषयांवर भरपूर बोलून झाल्यावर तो वाद यथाकाल शमला. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. तो मुरूम जमिनीत होता तेव्हा तेथे काय काम करीत होता?

वरवर पाहता हा प्रश्न भाबडा वाटेल. मुरूम म्हणजे रस्त्यावर पसरायचा माल, वाळू म्हणजे गिलाव्याचा माल आणि खडी म्हणजे काँक्रीटचा माल, अशीच आपली समजूत आहे. शासनाच्या दृष्टीनेही ही ‘गौण खनिजे’ आहेत. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाने इमारतीचा दगड, खडी, साधी वाळू यांना ‘गौण’ ठरविले आणि त्यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे सोपविला. सोने, लोखंड, कोळसा यांच्या तुलनेत ही वर्गवारी ठीकच आहे. परंतु सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, बेसाल्टच्या कठीण खडकावर वसलेल्या जिल्ह्यात मुरूम आणि वाळू यांना गौण म्हणणे म्हणजे घरातल्या रांजणाला केवळ मातीचा तुकडा म्हणण्यासारखे आहे.

भूगर्भातला रांजण

सोलापूरच्या मातीखाली जो काळा पाषाण आहे, त्याच्या अंगात पाणी फारसे मुरत नाही. अखंड बेसाल्टमध्ये पाणी राहते ते केवळ भेगांत आणि सांध्यांत. त्या पाषाणाचा वरचा थर मात्र ऊन, पाऊस आणि काळ यांच्या माऱ्याने झिजून भुसभुशीत होतो. हाच मुरूम. आपल्याकडच्या शेतकऱ्याची विहीर जे पाणी देते, ते बहुतांशी या झिजलेल्या थरातून आणि त्याखालच्या फुटीच्या खडकातून पाझरते. हा थर कोठे दहा हात, कोठे वीस हात जाड असतो, तर कोठे नसतोच. तो जेथे आहे तेथे विहिरीला मार्चपर्यंत पाणी असते. जेथे तो नाही तेथे दिवाळीनंतरच दोर अपुरा पडू लागतो.

नदीच्या पात्रातील वाळूचे काम याच जातीचे, परंतु अधिक मोठ्या प्रमाणावरचे असते. वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या असतात आणि त्या भरलेल्या असतात तेव्हा नदी वरून कोरडी दिसली तरी आतून ओली असते. भीमा आणि सीना यांच्या काठच्या कित्येक गावांच्या पाणीपुरवठा योजनांच्या विहिरी पात्रात किंवा पात्रालगत का खोदल्या गेल्या, याचे उत्तर येथे आहे. जुन्या पिढीतील माणसे उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरून घागर भरीत, ती याच साठ्याच्या भरवशावर.

या साठ्याचा हिशेब शाळेतल्या विद्यार्थ्यालाही करता येईल. बाजारात वाळू ब्रासने विकली जाते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. पाण्याने पूर्ण भरलेली वाळू आपल्या आकारमानाच्या साधारण एक पंचमांश पाणी मोकळेपणाने सोडते, असे धरले तर एका ब्रासमागे साडेपाचशे लिटरांहून थोडे अधिक पाणी होते. तीन ब्रास वाळू वाहणारा एक टिपर नदीतून बाहेर पडला, म्हणजे सतराशे लिटर पाणी साठविण्याची जागा बाहेर पडली. असे सहा टिपर गेले की दहा हजार लिटरांच्या एका टँकरची सोय कायमची नाहीशी झाली. ‘कायमची’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. टँकर एकदा रिकामा होतो; हे वाळूचे भांडे प्रत्येक पुराला, प्रत्येक आवर्तनाला पुन्हा भरत होते.

यावर कोणी म्हणेल की, वाळू काढल्यावर जो खड्डा उरतो त्यात तर पाणी अधिकच मावेल. मावते, हे खरे. पण ते उघड्यावर मावते. वाळूखालच्या पाण्यावर ऊन पडत नाही. खड्ड्यातल्या पाण्यावर सोलापूरचे ऊन पडते. एक हेक्टर उघड्या पाण्यावरून एक मीटर उंचीचे पाणी उडून गेले, तर ते एक कोटी लिटर भरते. जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटरांच्या मापाने हे सुमारे पाचशे माणसांचे वर्षभराचे पाणी झाले, आणि आपल्याकडे वर्षाकाठी होणारे बाष्पीभवन एका मीटरवर थांबत नाही. शिवाय खोल खड्डा आजूबाजूच्या वाळूतले आणि काठच्या विहिरींतले पाणी आपल्याकडे ओढून घेतो, आणि दोन पावसाळ्यांत त्याचा तळ गाळाने लिंपला गेला की खाली मुरणेही थांबते. भांडे फोडून त्याच्या जागी डबके केले, इतकाच त्या सौद्याचा अर्थ होतो.

नवी वाळू येणार कोठून?

नदी दरवर्षी नवी वाळू आणते, हा आणखी एक नेहमीचा युक्तिवाद आहे. मुक्त नदीच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा होता. परंतु १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेचे पाणी जसे अडविले, तसा तिचा गाळ आणि वाळूही अडविली. उजनीच्या एकूण सुमारे ११७ टीएमसी साठ्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्या साठ्याच्या तळाशी काय बसले आहे आणि धरणाच्या खाली काय पोहोचेनासे झाले आहे, याचा उल्लेख क्वचितच होतो. खालच्या भीमेला आता नीरा, माण, सीना आणि लहानसहान ओढे जे देतील तेवढ्यावर भागवायचे आहे, आणि त्यांवरही ठिकठिकाणी धरणे व बंधारे झालेले आहेत. वारसाने मिळालेली ठेव खर्चून तिला वार्षिक उत्पन्न म्हणण्याचा हा प्रकार आहे.

पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटाला वारकऱ्यांच्या मनात जे स्थान आहे ते सांगण्याची आवश्यकता नाही. त्या वाळवंटालगतच्या उपशाच्या खड्ड्यांत स्नानाला उतरलेली माणसे बुडाल्याच्या बातम्या वाचकांनी एकाहून अधिक वेळा वाचल्या आहेत. खाली हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना यांचा संगम आहे. शके ९४० चा, मराठीतील आद्य लेखांपैकी एक मानला जाणारा शिलालेख ज्या मंदिरात आहे, ते तेथेच. हजार वर्षांपूर्वी कोरलेली अक्षरे आपण जपतो, हे योग्यच आहे. त्याच नदीने त्याहून कितीतरी दीर्घ काळ साठविलेली वाळू मात्र आपण दोन पिढ्यांत संपवीत आहोत.

कायद्याचे दोन डोळे

आता प्रश्न हक्काचा. नदीपात्र कोणाचे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, नाले, त्यांची पात्रे आणि त्यांतील पाणी, इतर कोणाचा हक्क सिद्ध नसेल तर, राज्य शासनाची मालमत्ता ठरते. कलम ४८ अन्वये खनिजांवरील शासनाचा अधिकार सांगितला असून विनापरवाना उत्खननास दंडाची तरतूद आहे. शासन मालक आहे. पण कोणत्या प्रकारचा मालक? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात, कमलनाथ यांच्याशी संबंधित हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या खटल्यात, याचे स्पष्ट उत्तर दिले. नद्या, वने, किनारे यांचे शासन हे विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला ठेव खाजगी लाभासाठी उधळता येत नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. तुकडे लहान दाखवून मोठी खाण चालविण्याची पळवाट त्यामुळे निदान कागदावर तरी बंद झाली.

पुढे केंद्र शासनाने २०१६ मध्ये आणि २०२० मध्ये वाळू-उत्खननासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. तीन मीटरपेक्षा खोल जाऊ नये, भूजलाच्या पातळीखाली खणू नये, काठापासून अंतर राखावे, पूल व पाणीपुरवठ्याची ठिकाणे यांच्याजवळ उत्खनन करू नये, पात्रात नवी वाळू किती येते याचा अभ्यास करूनच किती काढायची ते ठरवावे, ही त्यांतील सूत्रे आहेत. ती सुज्ञपणाची आहेत, आणि ती पाळली गेली असती तर या लेखाचे कारणच उरले नसते.

तथापि अंमलबजावणीतील ढिलाई हाच या प्रकरणातील एकमेव दोष आहे, असे समजणे चूक होईल. खरा दोष अधिक खोल आहे. आपला कायदा खनिजाकडे एका डोळ्याने पाहतो आणि पाण्याकडे दुसऱ्या, आणि हे दोन डोळे एकाच वेळी उघडत नाहीत. वाळूचा आणि मुरमाचा परवाना महसूल खाते देते. नदीवरून मोटार लावण्याची परवानगी पाटबंधारे, म्हणजे आजचे जलसंपदा, खाते देते. भूजलाची पाहणी १९७२ पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. खडी केंद्राला संमती प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. यांतील प्रत्येकाकडे आपापली नस्ती आहे. परंतु ‘या उत्खननाने कोणाचे किती पाणी कमी होईल, आणि त्याची भरपाई कोण करील’ हे ज्या कागदावर लिहिले जाईल असा कागद कोणाच्याच नस्तीत नाही.

याचा परिणाम काय होतो ते पाहण्यासारखे आहे. १९९३ च्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या भूजल कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यापासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर खणण्यावर बंधन घातले. २००९ च्या, प्रत्यक्षात २०१४ मध्ये अमलात आलेल्या, महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पाणवठ्यांच्या संरक्षणाचे तत्त्व पुढे नेले. म्हणजे एखाद्या अल्पभूधारकाने गावच्या विहिरीजवळ स्वतःच्या शेतात विहीर काढली, तर ती पाणवठ्यावरचे आक्रमण ठरू शकते. परंतु तिच्या शतपट रुंद आणि तिच्याहून खोल असा खाणीचा खड्डा त्याच शिवारात झाला, आणि खाणीत येणारे पाणी पंपाने उपसून ओढ्यात सोडले, तर त्याला कोणी ‘विहीर’ म्हणत नाही. पाण्याला हा शब्दभेद कळत नाही; ते दोन्ही खड्ड्यांकडे सारख्याच इमानाने धावते.

दुसरे उदाहरण भीमाकाठचे. सोलापूर शहरासाठी उजनीतून नदीत पाणी सोडले की ते टाकळीजवळच्या औज बंधाऱ्यापर्यंत पोहोचावे म्हणून काठच्या शेतीपंपांचा वीजपुरवठा मर्यादित केला जातो. शहराच्या तहानेसाठी शेतकऱ्याने आपली मोटार बंद ठेवावी, हे तत्त्व कठोर असले तरी समर्थनीय आहे. पिण्याच्या पाण्याला प्रथम क्रमांक देणे हे राज्याच्या जलनीतीचेच सूत्र आहे. पण त्याच पात्रात मैलोगणती पडलेले खड्डे प्रत्येक आवर्तनाचे पाणी आधी स्वतः पितात, मग पुढे जाऊ देतात. शेतकऱ्याच्या मोटारीला अश्वशक्ती आहे, वेळापत्रक आहे, पट्टी आहे. खड्ड्याला यांपैकी काहीच नाही. शहराला प्रत्यक्ष लागते त्याच्या कितीतरी पट पाणी नदीत का सोडावे लागते, याच्या अनेक कारणांत हे एक कारण आहे, आणि त्याचे माप कोणी घेतलेले नाही.

सात रस्त्यावरचा प्रश्न

सोलापूरच्या सात रस्त्यावरून रोज कचेरीत, शाळेत, महाविद्यालयात जाणाऱ्या माणसाला हे सारे खेड्यापाड्यांचे भांडण वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः या भांडणाची दोन्ही टोके त्याच्याच घरात आहेत. त्याच्या घराच्या भिंतीत भीमेची किंवा सीनेची वाळू आहे, त्याच्या गल्लीच्या रस्त्याखाली कोणत्या तरी माळाचा मुरूम आहे. आणि वर्षानुवर्षे तीन-चार, प्रसंगी पाच दिवसांआड येणाऱ्या ज्या नळाच्या वेळेवर त्याच्या घरातले लग्नकार्यसुद्धा ठरते, त्या नळातही उजनीचे आणि भीमेचे पाणी आहे. २०२३ चा पावसाळा रुसला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरला, तेव्हा धरणातील मृतसाठ्याची चर्चा शहरातील प्रत्येक चहाच्या टपरीवर झाली. नदीच्या वाळूतला जो साठा अशाच वर्षी आधाराला यायचा, त्याची चर्चा झाली नाही, कारण त्याला नावही नाही आणि टक्केवारीही नाही.

खडी केंद्रांचा प्रश्न शहराच्या आणखी जवळचा आहे. दगड फोडताना उडणारी धूळ दाबण्यासाठी पाण्याचे फवारे मारावेत, असा दंडक आहे, आणि तो आवश्यकच आहे. त्या धुळीने कामगारांच्या फुफ्फुसांचे आणि भोवतालच्या पिकांचे काय होते, हे पाहिलेला माणूस त्याला विरोध करणार नाही. नदीच्या वाळूऐवजी दगड दळून तयार केलेली कृत्रिम वाळू वापरावी, असे धोरण राज्य शासनाने २०२५ मध्ये स्वीकारले. नदीच्या दृष्टीने ते स्वागतार्ह आहे. परंतु कृत्रिम वाळूतली बारीक भुकटी काढण्यासाठी ती बहुधा पाण्याने धुवावी लागते. याचा अर्थ असा की, नदीवरचा भार माळावर गेला, तरी पाण्याचा प्रश्न सुटला नाही. त्याने केवळ गाव बदलले. हे पाणी कोठून येणार? ‘टँकरने’ असे उत्तर मिळाले, तर पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: तो टँकर कोणत्या विहिरीवर भरतो, आणि त्या विहिरीवर आणखी कोणाची घागर आहे?

दुसरी बाजू

येथे दुसऱ्या बाजूचा विचार प्रामाणिकपणे करायला हवा. बांधकाम थांबवा असे म्हणणे सोपे आहे. ज्याच्या डोक्यावर पत्र्याचे छप्पर आहे त्याला ते ऐकवणे सोपे नाही. सोलापूरलगत कुंभारी येथे विडी कामगार आणि इतर असंघटित कष्टकरी यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण २०२४ च्या जानेवारीत झाले. तीस हजार घरांची ती योजना वाळू-खडीशिवाय उभी राहिली नसती. घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रास वाळू विनामूल्य द्यावी, हे शासनाचे धोरणही लोकहिताचेच आहे. दगड फोडण्याचा आणि वाहण्याचा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या करीत आलेला वडार समाज सोलापुरात मोठ्या संख्येने आहे. सरसकट बंदीचा पहिला घाव यंत्रमालकाला नव्हे, तर त्या घमेलेवाल्याला बसतो. शिवाय बंदीने चोरी थांबत नाही, भाव मात्र चढतो, हाही अनुभव जुना आहे. २०१० पासून २०२५ पर्यंत राज्याने वाळूचे धोरण अनेकदा बदलले: कधी लिलाव, कधी २०२३ प्रमाणे शासकीय आगारातून सहाशे रुपये ब्रासने विक्री, पुन्हा लिलाव. या सर्व फेरबदलांत भाव, महसूल आणि चोरी हेच तीन विषय मुख्य राहिले.

तेव्हा प्रश्न ‘उत्खनन हवे की नको’ असा नाही. ज्या कष्टकऱ्याला घर हवे आहे त्यालाच त्या घरात नळही हवा आहे. प्रश्न असा आहे की, उत्खनन करणाऱ्याने पाण्यावरचा आपला ताबा लेखी कबूल करावा की नाही, आणि त्याची किंमत मोजावी की नाही.

इतरत्र हा प्रश्न कसा सोडविला गेला, ते पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील कोलोरॅडो हे राज्य आपल्यासारखेच पाण्याला महाग आहे. तेथे नदीकाठी वाळू-खडीच्या खाणी खणताना भूजल उघडे पडते. त्या राज्याने कायद्याने असा उघडा पडलेला खड्डा विहिरीसारखाच मानला. त्याला परवाना लागतो; १९८० नंतर उघडे पडलेल्या अशा पाण्याचे जे बाष्पीभवन होते, तेवढे पाणी अन्य हक्काच्या स्रोतातून विकत घेऊन नदीला परत देण्याची योजना खाणवाल्याला सादर करावी लागते. प्रवाहाच्या खालच्या शेतकऱ्याचा हक्क जुना असेल तर तो आधी पुरा होतो. त्या देशाची संपत्ती, त्यांचे न्यायालय, त्यांची हक्कनोंदणी आपल्याकडे नाही, हे मान्य. परंतु त्यांच्या कायद्यामागचे तत्त्व श्रीमंत देशाचे नाही. ते कोणत्याही पाणवठ्यावरचे आहे. ज्याने घागर फोडली त्याने ती भरून द्यावी.

आपल्याकडे तर कृष्णा खोऱ्याच्या पाण्यासाठी राज्ये टीएमसीच्या अपूर्णांकावर भांडली. बच्छावत लवादाने १९७३ मध्ये निर्णय दिला, १९७६ मध्ये अंतिम निवाडा अधिसूचित झाला. त्या निवाड्यासाठी भीमेच्या थेंबाथेंबाचा हिशेब मांडला गेला. त्याच भीमेच्या एका काठावर महाराष्ट्र आणि दुसऱ्या काठावर कर्नाटक असलेल्या पट्ट्यात, दोन्ही राज्यांच्या वाळूखाली असलेल्या सामाईक पाण्याचा हिशेब मात्र कोणत्याही लवादापुढे नाही.

काय करता येईल

यासाठी नव्या महामंडळाची किंवा भव्य योजनेची गरज नाही. आहे त्या व्यवस्थेत काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे कोणत्याही वाळूघाटाचा लिलाव किंवा खाणपट्ट्याचा परवाना निघण्यापूर्वी त्या शिवाराचा पाण्याचा ताळेबंद भूजल यंत्रणेने तयार करून ग्रामसभेपुढे मराठीत वाचावा. परिसरातील विहिरी, कूपनलिका, गावच्या योजनेची विहीर, त्यांच्या ऑक्टोबरमधील आणि मे महिन्यातील पातळ्या यांची नोंद त्यात असावी. निरीक्षण विहिरींच्या पातळ्या ही यंत्रणा नियमित घेतच असते; त्या नोंदी लिलावाच्या कागदाला जोडणे हे अवघड काम नाही. २०१० च्या धोरणाने ग्रामसभेच्या शिफारशीला स्थान दिले, परंतु ज्या सभेपुढे आकडे नसतात, तिची संमती ही केवळ सही असते.

दुसरी गोष्ट पुराव्याच्या भाराची. आज विहीर आटली तर ती खाणीमुळेच आटली, हे शेतकऱ्याने सिद्ध करायचे. ज्याच्याकडे वकील नाही, भूवैज्ञानिक नाही, त्याच्यावर हा भार टाकणे न्यायाचे नाही. उत्खननापूर्वीच्या पातळ्यांची नोंद असेल, तर उत्खननानंतरच्या घटीचे अन्य कारण दाखविण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकता येईल, आणि ते दाखविता येत नसेल तर गावाला पाणी पुरविण्याचा खर्चही.

तिसरी, खडी केंद्र आणि कृत्रिम वाळूचा कारखाना यांना लागणारे पाणी परवान्यात लिटरांनी लिहावे, ते मीटरने मोजावे, आणि पिण्याच्या पाण्याचा कोणताही स्रोत त्यासाठी वर्ज्य ठरवावा. धूळ दाबायला शुद्ध पाणी लागत नाही. सोलापूर शहराच्या देगाव येथील मलनिस्सारण केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारे पाणी या कामी उपयोगी पडू शकते. धुण्याचे पाणी निवळण्याच्या टाक्यांतून पुन्हा वापरण्याची सक्तीही परवान्यातच असावी.

चौथी गोष्ट या जिल्ह्याच्या परंपरेला विशेष साजेशी आहे. मुरूम काढल्याने पाणी जाते हे जितके खरे, तितकेच योग्य जागी काढल्याने पाणी येते हेही खरे आहे. सोलापूरच्या ग्रामदैवताचे, श्री सिद्धरामेश्वरांचे, सर्वांत मोठे स्मारक म्हणजे त्यांनी बाराव्या शतकात खोदविलेला तलाव. एकरूखचा, म्हणजेच हिप्परग्याचा तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला आणि दीर्घकाळ शहराची तहान भागवीत आला. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील हजारो हातांनी खडी फोडली आणि त्याच हातांनी पाझर तलावांची मातीही वाहिली. हे तलाव, बंधारे, गावतळी आज गाळाने भरली आहेत. महामार्गांना आणि रस्त्यांना लागणारी माती व मुरूम तलाव आणि नाले खोल करून मिळवावा, हा प्रयोग राज्यात बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात झालेला आहे. तेव्हा प्रत्येक शासकीय रस्त्याच्या निविदेत, जवळ गाळाने भरलेला तलाव असेल तर भरावाचा माल प्रथम तेथून घ्यावा आणि तेथे तो मिळत नसेल तरच माळ फोडावा, अशी अट का असू नये? रस्त्यालाही माल मिळेल आणि गावालाही पाणी. कुर्डूसारख्या प्रसंगी ‘मुरूम गावच्या रस्त्यासाठीच होता’ असे म्हणण्याची वेळ आली, तर गावाला ते ताठ मानेने आणि परवाना दाखवून म्हणता येईल.

यांपैकी कोणत्याच उपायाने चोरी संपणार नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. रात्रीच्या अंधारात चालणारा उपसा पोलिसांनी आणि महसूल खात्यानेच थांबवायचा आहे, आणि तो थांबविणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीशी शासनाने उभे राहायचे आहे. परंतु चोरीला चोरी म्हणण्यासाठीसुद्धा चोरीला काय गेले ते ठाऊक असावे लागते. आज पकडलेल्या टिपरमागे दंड होतो तो वाळूच्या बाजारभावाच्या पटीत. तिच्याबरोबर गेलेल्या पाण्याची नोंद पंचनाम्यात नसते, आणि ज्याची नोंद नाही त्याची फिर्याद कोणी करीत नाही. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढविणे हे जिल्हाधिकारी कचेरीच्या आवाक्यातले काम आहे. तो रकाना भरायला गावचा तलाठी, शाळेतला विज्ञानाचा शिक्षक आणि पाणीपुरवठा योजनेचा कर्मचारी एवढी माणसे पुरेशी आहेत. विहिरीत दोर सोडून पाणी किती हात खाली गेले ते मोजणे प्रत्येक गावाला येते. ते मोजलेले लिहून ठेवण्याची आणि लिहिलेले लिलावाच्या दिवशी पुढे ठेवण्याची सवय मात्र आपल्याला अजून लावून घ्यायची आहे.